नव्वद दिवसांचा गॅस

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.४०

डायरी कृषी सेवा केंद्राची, फुकटची. पहिल्या पानावर तुरीचं शेत आणि फवारणीचा पंप. जानेवारीपासून कोरी पडली होती. यशस्वी माणसं रोज लिहितात म्हणे, म्हणून सुरुवात. दहा महिने उशीर झाला, पण कागद खराब झालेला नाही.

संकल्प: पहाटे उठणे. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) बंद. ग्राहकाशी वाद बंद.

पहिली नोंद आनंदाची. कंपनीचा मेसेज आलाय. 'प्रिय गणेश, आता तुम्हाला पाच लाखांचं क्रिटिकल इलनेस कव्हर.' त्रेचाळीस वर्षांत मला कोणी प्रिय म्हटलं नव्हतं.

गणेश म्हणजे मीच. आधार कार्डावर मी जानराव, पण डिलिव्हरीचा आयडी मेहुण्याच्या नावावर आहे. माझा स्वतःचा आयडी कंपनीने गेल्या वर्षी कायमचा बंद केला. वैचारिक मतभेद झाले. (ग्राहकाने ऑर्डर कॅन्सल केल्यावर लस्सी कोणाची, हा मुद्दा होता. ती माझ्या पोटात असल्यामुळे माझी बाजू मांडता आली नाही.) तेव्हापासून आयडी गणेशचा, गाडी माझी. सकाळी लॉगइनला ऍप सेल्फी मागतं, तेवढा सेल्फी गणेश देतो. बाकी दिवसभर गणेश मीच. ऑर्डरची वाट पाहत थांबतो त्या पॉइंटवर असे आम्ही चौघं आहोत.

संध्याकाळी ७.३०

विम्याचे नियम वाचले. सोपे आहेत. आजपासून नव्वद दिवस वाट पाहायची. या नव्वद दिवसांत जो आजार निघेल तो आपला. एक्याण्णवाव्या दिवसापासून निघेल तो त्यांचा. रोज किमान एक ऑर्डर पोचवायची. एका दिवसाचा जरी खाडा झाला तरी मोजणी पुन्हा एकपासून. ऍपमध्ये हिरवी पट्टी आहे, ती रोज थोडी थोडी भरते.

आजारांची यादीही दिली आहे. हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखी वाचून काढली. हार्ट अटॅक, कॅन्सर, किडनी, पक्षाघात. गॅस नाही.

हे बघायचं कारण एवढंच की आज वाशीमच्या लाखाळा भागात ललिताबाई नावाच्या ग्राहकाच्या तिसऱ्या मजल्यावर दूध देताना छातीत आवळल्यासारखं झालं. डावा हात जड. घाम. दोन मिनिटांत गेलं. सकाळी मिरची भजी खाल्ली होती.

राखीला सांगायला नको होतं. राखी म्हणजे माझी बायको, गणेशची मोठी बहीण. म्हणाली, "उद्या सरकारी दवाखान्यात चला. रेशन कार्डावर सारं फुकट होते." मी तिला शांतपणे समजावलं की डॉक्टरने गॅसला भलतंच नाव दिलं तर ते नाव नव्वद दिवसांच्या आत कागदावर येईल आणि पाच लाख जातील. ती म्हणाली, "अन् तुमी गेले तं?"

बायकांना विमा समजत नाही.

११ नोव्हेंबर. दिवस ९

पहाटे उठणे सुरू आहे. उठून गणेशच्या दारात उभं राहणेही सुरू आहे. गणेशचं पाटणी चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वय सव्वीस. जिमला जातो, सकाळी सहा अंडी खातो आणि नऊपर्यंत उठत नाही. हा तरुण इतका निरोगी आहे की पाहून चीड येते. मी दारावर टकटक करतो, तो चादरीतून तोंड बाहेर काढतो, ऍप म्हणतं डोळे मिटा, तो म्हणतो मिटलेलेच हायेत.

विम्यात वारसाचं नाव भरायचं होतं. भरलं. राखी. नातं: पत्नी. राखीला दाखवलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पन विमा कोनाच्या नावाचा हाय?" म्हटलं, गणेशच्या, म्हणजे माझ्या. ती भाकरी थापायला लागली. टेक्निकल गोष्टी घरात बोलायच्या नाहीत, हा नवा संकल्प.

खर्रा बंद आहे. आज एकच खाल्ला.

२३ नोव्हेंबर. दिवस २१

सेवेत सुधारणा. ललिताबाई रिटायर्ड शिक्षिका, एकट्या राहतात, रोज काही ना काही मागवतात. कधी अर्धा लिटर दूध, कधी नुसता कढीपत्ता. त्यांना मी सुचवलं की गॅलरीतून दोरीला बांधून पिशवी सोडा, मी खाली सामान भरतो. पर्यावरणालाही बरं. त्यांनी सोडली. आता मला तीन मजले चढावे लागत नाहीत. कंपनीने खरं तर ही कल्पना सगळीकडे राबवावी.

पिशवी वर गेली आणि पुन्हा खाली आली. आत दोन तिळाचे लाडू. वरून म्हणाल्या, "गणेश, तुझा चेहरा असा राखेसारखा काहून दिसते रे?" म्हटलं, धूळ आहे बाई, रिसोड नाक्याकडून आलो.

गॅस आता सपाट रस्त्यावरही होतो. फक्त गाडीला किक मारताना. किक मारणे बंद. उतारावर गाडी लावतो. वाशीममध्ये उतार फार कमी आहेत, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार. दिवस ३५

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

पहाटे गणेशच्या दारात गेलो तर कुलूप. फोन केला तर केनवडला. कालच गेला, मुलगी बघायला. मला कोणी सांगितलं नाही. राखीला माहीत होतं. म्हणाली, "म्या मुद्दामच नाई सांगतलं. एक दिवस तं घरी बसान." म्हणजे माझ्याच घरात कट. पस्तीसावा दिवस आणि पुन्हा एकपासून मोजायचं?

गाडी काढली. मालेगावपर्यंत थंडीने बोटं वाकली. मालेगावच्या स्टँडवर चहा घेतला, गॅस झाला, दहा मिनिटं बाकड्यावर बसलो, उठलो. साडेदहाला केनवड. घर शोधायला त्रास नाही, दारात चपला.

आत सगळे बसलेले. पोह्याच्या प्लेटा. समोर मुलगी, रुचिका नाव, खाली मान. गणेश इस्त्रीचा शर्ट घालून अगदी गरीब होऊन बसला होता. मी नारिंगी टी-शर्टात, पाठीवर डब्बा, सरळ आत गेलो आणि त्याच्या तोंडासमोर फोन धरला. मुलीच्या वडिलांनी विचारलं की हे कोण. म्हटलं, कंपनीचा माणूस, मुलाची हजेरी घ्यायला आलोय.

ऍप म्हणालं, मान डावीकडे. गणेशने केली. उजवीकडे. केली. मग म्हणालं, हसा. होणाऱ्या सासऱ्यासमोर तो काही हसेना. ऍप तीनदा नाही म्हणालं. चौथ्यांदा नाही म्हटलं असतं तर दिवसभरासाठी लॉक. माझ्या कपाळावर घाम, डावा हात फोन धरून जड झालेला, मी हळूच म्हटलं, गणेश, तुझ्या बहिणीची शपथ, हस. तेवढ्यात रुचिकाच हसली. तिला पाहून हा हसला. हिरवी टिक.

मुलीचे वडील फार खूश झाले. ज्याच्या हजेरीसाठी कंपनी वाशीमवरून माणूस पाठवते तो मुलगा मोठ्या पोस्टवर असणार, असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं. सोयरीक जमली. माझ्यामुळे. गणेश बाहेर येऊन म्हणाला की भाऊजी, आता पुढचे दोन महिने माझा डबा तुम्ही दुकानात पोचवायचा. याला म्हणतात कृतघ्नपणा.

परत येऊन संध्याकाळी एक ऑर्डर पोचवली. दोन पॅकेट ब्रेड. पट्टी भरली.

१५ डिसेंबर. दिवस ४३

ऍप आता दुपारीही अचानक सेल्फी मागायला लागलंय. दहा मिनिटांत द्यायचा. अकोला नाक्यावरून पाटणी चौकापर्यंत गर्दीतून गाडी घालायची, गणेशच्या दुकानात पळत जायचं, काउंटरवर फोन ठेवायचा. पळाल्यावर गॅस होतो. म्हणजे ज्या विम्यासाठी जपायचं, त्याच विम्यासाठी पळायचं. यावर विचार करायला वेळ मिळाला नाही.

गणेशला आज पहिल्यांदा काळजी वाटलेली दिसली. स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला की भाऊजी, सोडा ना हे. मी त्याला सांगितलं, अजून सत्तेचाळीस दिवस, फक्त चेहरा नीट ठेव. दाढी वाढवू नकोस.

२७ डिसेंबर, शनिवार. दिवस ५५

पहाटे पाचला जाग आली ती छातीवर कोणी बसल्यासारखी. जबडा दुखत होता. पाठीतून कळ. उलटी झाली, म्हणजे गॅसच. राखीने आधी मावशीला फोन केला, मग ऑटो बोलवायला पुन्हा उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला. काय शब्द वापरलेस फोनवर, विचारलं. तिने 'अटॅक' हा शब्द आपल्या मावशीला सांगितला होता. मी तिला म्हटलं की आजकाल फोन रेकॉर्ड होतात, तो शब्द पस्तीस दिवस या घरात काढायचा नाही.

तिने गाडीची किल्ली लपवली. तांदळाच्या डब्यात असते, मला माहीत होतं. पण डबा उचलता आला नाही.

मग पॉइंटवरचा बादल आला. त्याला मीच बोलावलं. त्याच्या मागे बसून गणेशकडे गेलो, सेल्फी झाला, डेअरीतून एक पनीर उचललं, बादल चालवत होता, मी नुसती पिशवी धरून. वाटेत बादल म्हणाला, "गणेशभाऊ, मले तं हा गॅस वाटत नाई. माया बापाले बी असंच झालतं." मी विचारलं, आता कसे आहेत वडील. त्याने गिअर बदलला.

पट्टी भरली. झोपून लिहितोय.

आज खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. भीती वाटते. दवाखान्यात गेलो तर मोजणी संपली. नाही गेलो तर काय होईल ते मला माहीत आहे. दोन्हीकडून दार लावलंय आणि कडी मीच लावली आहे. राखी बाजूला बसून पाय चेपते आहे. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

२८ डिसेंबर. दिवस ५६

कालचं शेवटचं लिखाण रिकाम्या पोटी झालेलं आहे. ग्राह्य धरू नये.

१४ जानेवारी २०२६. दिवस ७३

संक्रांत. ललिताबाईंनी पिशवीतून तिळगूळ सोडला. पिशवी भरून दोरीला गाठही आता थांबून थांबून मारावी लागते. त्यांनी वरून पाहिलं. मग काय झालं, त्या स्वतः तीन मजले उतरून खाली आल्या, सत्तर वर्षांची बाई, हातात पाण्याचा तांब्या. मला पायरीवर बसवलं. म्हणाल्या की तुझे वडील असते तर तुला कान धरून नेलं असतं, तुझं घर कुठे आहे, घरचं नाव काय. मी सांगितलं, गणेश. त्या म्हणाल्या की ते फोनमध्ये दिसतं. घरी काय म्हणतात? मला पटकन आठवेना. घरी राखी 'अहो' म्हणते. आई जान्या म्हणायची, तिला जाऊन सहा वर्षं झाली.

ग्राहकाशी फार वैयक्तिक बोलू नये, हा संकल्प.

बादलने पॉइंटवर सगळ्यांना सांगितलंय. आता मला दूरच्या ऑर्डर कोणी घेऊ देत नाही. ही माझ्या ज्येष्ठतेची कदर आहे.

२६ जानेवारी. दिवस ८५

झेंड्याला शाळेच्या मैदानावर उभा राहिलो, राष्ट्रगीत पूर्ण होईपर्यंत. बावन्न सेकंद. जमलं. शेवटी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, ते देशप्रेमात खपून गेलं.

पाच दिवसांनंतरची तयारी सुरू. एकदा पट्टी पूर्ण भरली की दवाखाना. डॉक्टर विचारतील दुखणं कधीपासून. उत्तर पाठ करतोय: "कालपासून." राखीलाही पाठ करायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पाठ केलं की नाही कळलं नाही. ही वही कंपनीच्या हाती लागता कामा नये. घरामागच्या गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवणे.

१ फेब्रुवारी, रविवार. दिवस ९१. सकाळी ८

पट्टी भरली. पूर्ण हिरवी. फुगे वर गेले, फोनमध्ये. 'अभिनंदन गणेश. तुमचं कव्हर सुरू झालं. निरोगी राहा.'

नव्वद दिवसांत एक खाडा नाही. खर्रा जवळजवळ बंद. सगळे संकल्प तडीस गेले असं म्हणायला हरकत नाही. पाव किलो पेढे आणले, देवासमोर ठेवले. एक राखीला दिला. तिने तोंडात न टाकता हातात धरून ठेवला.

आता त्याला गॅस म्हणायचं कारण नाही. आजपासून हृदय.

रविवारी ओपीडी बंद. एक दिवस थांबू. नव्वद थांबलो, एक काय.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३

सरकारी दवाखाना. डॉक्टर तरुण, चष्मेवाला. विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, कालपासून. त्याच वेळी राखी म्हणाली, "तीन नोव्हेंबरपासून. सोमवार होता." मग तिने एक एक करून सगळं सांगितलं. भजी, तिसरा मजला, मालेगावचं बाकडं, डिसेंबरची उलटी. तारखांसहित. मला वाटायचं, या घरात रोजनिशी मीच लिहितो.

डॉक्टरने ईसीजीची पट्टी समोर धरली. म्हणाला, महिना-सव्वा महिन्यापूर्वी एक अटॅक येऊन गेलाय, हृदयाचा एक भाग कमजोर झालाय, तो भाग आता पूर्ववत होणं कठीण. नोव्हेंबरमध्येच तुम्ही दवाखान्यात आला असतात तर कदाचित हा अटॅक टळला असता. आता अकोल्याला जाऊन अँजिओग्राफी करायची, लगेच. ॲडमिट करून घेतलं.

राखी रडली. मी नाही. माझ्या डोक्यात विम्याची यादी होती. यादीत पहिलंच नाव.

३ फेब्रुवारी. सकाळी ११

क्लेमसाठी फोन लावला. बाई गोड बोलत होत्या. नाव विचारलं. गणेश. जन्मतारीख विचारली. गणेशची धडाधड सांगितली, माझी सांगताना मी चुकतो. आजार ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाल्या, सव्वीसाव्या वर्षीच. काळजी करू नका गणेशजी, फक्त एक व्हिडिओ कॉल करू, चेहरा जुळला की आमचे डॉक्टर येऊन तपासतील, मग पुढचं. पत्नी राखी जवळ आहेत ना?

चेहरा काही प्रश्न नव्हता. गणेशला बोलावलं. तो दुकान बंद करून पळत आला. मी सगळं आखलं होतं. त्याने माझ्या कॉटवर झोपायचं, मी बाजूला उभा राहीन, वायरी त्याच्या छातीला चिकटवायच्या, दहा मिनिटांचं काम.

त्याने सगळं ऐकलं. फोनवर दाखवलेलं वारसाचं नाव वाचलं, नातं वाचलं, बहिणीकडे पाहिलं. चिडेल असं वाटलं होतं. तो कॉटच्या कडेला बसला आणि माझ्या पायावर हात ठेवून हळू म्हणाला, "चेहरा तं म्या रोज देल्ला, भाऊजी. छाती कुठून देऊ?"

मी म्हटलं, थांब, काहीतरी मार्ग असेल, हेल्पलाईनला विचारू. मग फोन पुन्हा उघडला. 'प्रिय गणेश' वर चमकत होतं. कोपऱ्यात त्याचा फोटो. हसरा. केनवडचा.

राखीने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रेशन कार्ड काढलं आणि दवाखान्याच्या मोफत उपचारांच्या खिडकीवर नेलं. वीस मिनिटांत परत आली. सही झाली, फाईल झाली, अकोल्याची गाडी उद्याची. फुकट.

म्हणाली, तीन महिन्यांपासून पिशवीतच होतं.

५ फेब्रुवारी, अकोला. सकाळी ९.१५

आत नेणार आहेत. दहा मिनिटं आहेत म्हणून लिहितो.

संकल्प: सुचत नाही.

खर्रा बंद आहे. डॉक्टरांनी केलाय.

आजही लॉगइन झालं नाही. ऍपने सेल्फी मागितला, दहा मिनिटं मागत राहिलं; मोजणी तीन तारखेच्या खाड्यानेच एकवर आली होती. मी पट्टीकडे पाहिलं. पांढरी. हात आपोआप गणेशला फोन लावायला गेला होता.

आत्ता नर्स दारात आली. हातात फाईल. जानराव, जानराव अशी तीनदा हाक मारली. कोण हा बहिरा माणूस, म्हणून मी सगळ्या वॉर्डभर पाहिलं. मग राखीने माझा हात धरून वर केला.